पायऱ्यांच्या विहिरीतले जीव

"नवी बाई मुकी शे का वं?"

खिडकीपलीकडून आवाज आला. मधली सुट्टी होती. मुली भिंतीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या आणि मी वर्गात एकटी फळा पुसत होते.

"मुकी नही वं," दुसरी म्हणाली. "तिले बोलता येस. आपलासंगे बोलत नही."

"मंग काल बेडूकना धडामा काय बोलनी, सांग बरं."

"बेडूकले पहिले शेपटी ऱ्हास, मंग ती जास."

"ते पुस्तकमा शे. बाई काय बोलनी?"

सगळ्या हसल्या. मी पुसलेला फळा परत पुसला. कुणी आत डोकावलं तर माझे कान लाल झालेले दिसतील, एवढीच मला काळजी होती. मग मी फळ्याचं फडकं हातात घेतलं आणि ते धुवायचं निमित्त करून मागच्या दाराने विहिरीकडे निघाले.

मी त्या शाळेत कशी आले ते आधी सांगायला हवं. आमचं गाव नंदुरबारहून कोरीटकडे जाताना लागतं, तापीच्या अलीकडच्या काळ्या सपाट जमिनीत. शेती काका बघत. वडील रेल्वेत होते आणि त्यांच्या बदल्या होत राहायच्या, म्हणून मला लहानपणीच पुण्याला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं. मॅट्रिक होऊन परत आले तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू झालं होतं आणि मी काकूकडे राहत होते. घरात सगळे अहिराणी बोलत. मला ती कळायची, पण माझ्या तोंडून आली की सगळे कौतुकाने हसायचे, आणि ते कौतुक मला सोसायचं नाही. म्हणून मी गप्प राहायचे. गावाने माझं नाव 'मडम' ठेवलं.

गावात चौथीपर्यंत मुलींची शाळा होती. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य, संक्रांतीनंतर स्वतः आमच्या ओट्यावर आल्या. माहेर सुरतेकडचं, तरुणपणीच विधवा झालेल्या, मग ट्रेनिंग करून नोकरीला लागलेल्या. पांढरं लुगडं, ताठ पाठ. काकांना म्हणाल्या, "तुमची मडम उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे द्या. सृष्टिज्ञान शिकवायला मला कुणी नाही. मुलींना वाटतं पाऊस वरून कुणीतरी ओततं." काका हसले आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

शिकवणं मला जमेना. बी, पान, बेडूक, गांडूळ, सगळं मला माहीत होतं, पण इंग्रजीत. पुस्तक होतं शुद्ध मराठीत आणि समोर बसलेल्या मुली होत्या अहिराणी बोलणाऱ्या. मी तासभर पुस्तकातली वाक्यं हळू आवाजात वाचायचे आणि घंटा कधी होते त्याची वाट बघायचे. हात स्वस्थ नसायचे. खडूचे तुकडे करत राहायचे, पदराचं टोक पिळत राहायचे. त्या दिवशी फडकं घेऊन बाहेर पडले ती हीच तगमग घेऊन.

विहीर शाळेच्या मागेच होती, पायऱ्यांची. पाणी काढायला आत उतरावं लागे. शिमगा होऊन गेला होता, पाणी खाली गेलं होतं आणि रोज एखादी नवी ओली पायरी उघडी पडत होती. अर्धं गाव तिचं पाणी प्यायचं, पण त्या उन्हाच्या वेळी तिथे कुणी नसायचं.

मी वरच्या कट्ट्यापाशी आले आणि थांबले. सगळ्यांत खालच्या पायरीवर मोठ्या बाई बसल्या होत्या. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात. डोळे मिटलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. शाळेत त्या कधी कशाला टेकून बसत नसत. शेजारी पायरीवर एरंडाचं पान आणि सोडलेली पट्टी पडली होती.

गेले काही दिवस त्या लंगडत होत्या. "पाय मुरगळलाय," असं सगळ्यांना सांगत होत्या. मी वरून वाकून बघितलं. त्यांनी पाय जरा वर उचलला तेव्हा घोट्याजवळ बांधलेली बारीक काडी दिसली आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा.

तो दोरा नव्हता. तो नारू होता.

मी मागे सरकले आणि फडकं न धुताच परत आले.

नारू आमच्याकडे कुणाला नवीन नव्हता. पायावर फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि आतून जंत डोकं काढतो. मग त्याला काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, हळूहळू, कारण तुटला तर पाय जायचा. उष्णतेने होतो, असं काकू म्हणायची. पण मोठ्या बाईंची गोष्ट वेगळी होती. "पाणी गाळून पिणाऱ्याला नारू होत नाही," असं त्या गेली कित्येक वर्षं घरोघर जाऊन सांगत आल्या होत्या, आणि त्यांचं खरं होतं. रोज सकाळी शाळेच्या रांजणावर त्या स्वतः दुहेरी पांढरं फडकं बांधायच्या आणि घागर ओतायच्या. मुलींना हात लावू देत नसत. आता त्यांच्याच पायातून नारू निघत होता. आदल्या उन्हाळ्यात त्या कुठल्याशा लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या. तिथे मिळेल ते पाणी प्यायल्या असतील. पण हे गावाला कोण समजावणार? म्हणून मुरगळलेला पाय, म्हणून भर उन्हातली ती पायरी.

गाळून झालं की बाई आणखी एक गोष्ट करायच्या. फडकं तसंच अलगद उचलायचं, न पिळता विहिरीवर न्यायचं आणि उलटं करून पाण्यात बुडवून घ्यायचं. त्यात जे अडकलं असेल ते परत पाण्यात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "आमच्याकडे असंच करतात. आपण त्यांच्या घरातलं पाणी आणतो. त्यांना तरी परत पोचवावं." मला ते फार आवडलं होतं. त्यातले जीव कोणते ते बघावं म्हणून मी एकदा माझं भिंग फडक्यावर धरलं होतं. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, झटके देत हलणारे. मधोमध एक डोळा, मागच्या बाजूला दोन्हीकडे अंड्यांच्या इवल्या पिशव्या. पुण्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची आमची ओळख झालेली होती.

त्या दिवशी विहिरीवरून परत आल्यावर मला आमच्या पुस्तकातलं एक चित्र आठवलं. माणूस, पाणी, पाण्यातली ही पिसू, परत माणूस, आणि त्यांना जोडणारे बाण. परीक्षेत येतं म्हणून मी ते पाठ केलं होतं. नारूची मादी पायाला भोक पाडून वाट बघत असते. पाय पाण्यात गेला की ती तिथे आपली पिल्लं सोडते, डोळ्यांना न दिसणारी. ती पिल्लं ही पिसू गिळते. ती पिसू माणूस पितो. पिसू पोटात मरते, पिल्लं मरत नाहीत. वर्षभर अंगात वाढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी पायाला आग सुटते.

म्हणजे बाई रोज दुपारी विहिरीत नारू पेरत होत्या आणि रोज सकाळी त्याला पोटात वागवणारे जीव प्रेमाने परत पाण्यात सोडत होत्या. शाळेचं पाणी त्या गाळत होत्या म्हणून शाळेत काही होणार नव्हतं. घरी मुली कसलं पाणी पितात?

संध्याकाळी मी काकूला पाणी भरताना बघत उभी राहिले. तिने घागरीवर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला, पाणी ओतलं, तुकडा झटकला आणि दुसऱ्या घागरीवर टाकला. या वेळी खालची बाजू वर. पहिल्या घागरीच्या वेळी अडकलेलं सगळं दुसऱ्या घागरीत धुऊन गेलं.

"काकू, फडकं..." मी म्हटलं.

"काय फडकं?"

"उलटं झालं."

"उलटं व्हयनं तं काय व्हयनं? फडकंच शे ना? का पानी गाळानं बी इंग्रजीमा ऱ्हास?" ती हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "बरं मडम, तू गाळ उद्यापासून."

मी बरं म्हटलं. पण ते एक घर झालं.

मग काकूनेच, चुलीपाशी बसता बसता, एका मुलीची गोष्ट काढली. माझ्या वर्गात खिडकीशी बसणारी, सगळ्यांत तिखट जिभेची. 'मुकी शे का' असं विचारणारा आवाज तिचाच होता, मी ओळखला होता. "तिनी मायना नारू पायमाच तुटना," काकू म्हणाली. "गुडघा आखडी गया. चालता येत नही. आते पोरले शाळामाईन काढतीन, दुसरं काय? पानी कोण भरी?"

त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढचे दिवस मी कुठे धड बसले नाही. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळत नसे. दुपारच्या घंटेकडे माझे कान लागलेले असत. घंटा झाली की बाई पट्टी सावरत मागच्या दाराने जात, आणि मी खिडकीशी उभी राहून मनात म्हणे, आता पहिली पायरी, आता मधली, आता पाय पाण्यात.

सांगायचा प्रयत्न मी केला. एका सकाळी त्या रांजणावर फडकं बांधत होत्या. मी जवळ गेले.

"बाई..."

"काय गं?"

"खडू संपलाय."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. हातात खडूची भरलेली पेटी होती. "मग हे काय, पेढे?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा मी त्यांना ओसरीवर एकटं गाठलं आणि विचारलं, "पाय कसा आहे?" त्यांनी लगेच पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं. "मुरगळलाय. होईल बरा." त्यांच्या आवाजात एक दार लागलं. ते दार मी चांगलं ओळखत होते. मी स्वतः ते दिवसातून कितीदा तरी लावायचे. बोर्डिंगात मला ताप आला की मी गोधडीत तोंड घालून पडायचे, कुणी विचारू नये म्हणून. लपवणाऱ्या माणसाला 'तू लपवतोयस' असं सांगणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. आणि त्यांचा तो थंडावा मी काढून घेणार होते. नारूची आग पाण्याशिवाय शांत होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"तेल लावा," मी म्हटलं आणि निघून आले.

मग मला वाटलं, निदान मुलींना तरी सांगता येईल.

त्या दिवशी धडा पानांच्या प्रकारांचा होता. मी पुस्तक मिटून ठेवलं. सकाळीच विहिरीवरून एक तांब्या न गाळलेलं पाणी आणून ठेवलं होतं. मुलींसमोर मी ते पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फडकं पाटीवर पसरलं आणि भिंग पुढे केलं. "बघा," एवढंच म्हटलं. एकेक मुलगी येऊन वाकली. तिखट जिभेची पहिली.

"अगं माय! हाई हालस!" ती ओरडली. "एकच डोया शे वं हिले!"

"आनि काखमा काय शे?"

"अंडा," मी म्हटलं. शब्द अहिराणीतच आला. कुणी हसलं नाही, कारण सगळ्या भिंगावर तुटून पडल्या होत्या.

"बाई, हिनं नाव काय?"

इंग्रजी नाव माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. "पाण्यातली पिसू."

"कुत्राना आंगवर ऱ्हास ती?"

"ती वेगळी. ही चावत नाही. हिला आपण पितो."

"ईऽऽ!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्या माझ्याकडे बघताहेत. मग मी बोलले. कसं बोलले आठवत नाही. मराठीत चालू केलेलं वाक्य अहिराणीत संपत होतं आणि मधे शब्द सापडला नाही की मी हाताने दाखवत होते. फडक्याची एकच बाजू कायम वर का ठेवायची ते सांगितलं. एका कोपऱ्याला दोऱ्याची गाठ मारा, गाठ नेहमी वर, हे दाखवलं. मग फळ्यावर गोल काढला. माणूस, पोट, वर्षभराचा नारू, पाय. दुसऱ्या बाजूला पाणी, पिसू, घागर, माणूस. पाय आणि पाणी यांच्यामधला बाण मी काढला नाही. खडू तिथे नेला आणि हात खाली घेतला.

तिखट जिभेची फळ्याकडे बघत राहिली. "बाई, हाऊ गोल पुरा नही व्हयना."

मी बोटांवरची खडूची पूड झटकली.

"पिसूना पोटमा नारू कथाईन उना?" तिने विचारलं. कुठून आला, याचं उत्तर मग तिचं तिलाच सापडताना मी बघितलं. "पाय पानीमा बुडावामुये?"

मी मान हलवली.

एकीने मागच्या भिंतीकडे बघितलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. त्या भिंतीपलीकडे विहीर होती. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. काडी, पट्टी, दुपारची पायरी, सगळं. मुरगळलेल्या पायावर त्या पोरींनी एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. बाईंचा मान राखायचा म्हणून गप्प होत्या.

"मन्ही माय," ती मुलगी हळू म्हणाली. "मन्ही मायले मोठ्या बाईमुये..."

"नाही," मी घाईने म्हटलं. "तिच्या अंगात तो मागच्या वर्षीच्या पाण्यातून आला. तेव्हा बाईंना काही नव्हतं. तो कुणामुळे आला ते कुणालाच सांगता येणार नाही."

"आनि आते जे पानीमा जाई ऱ्हायनं ते?"

"ते पुढच्या वर्षी निघेल."

"कोनले?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे बसलेल्यांकडे बघितलं. सगळ्यांच्या पायांत काही नव्हतं, धुळीने पांढरे झालेले अनवाणी पाय.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. ओसरीवरून पाय ओढत जाण्याचा आवाज आला, मागच्या दाराकडे. ती मुलगी उठून उभी राहिली. "मी सांगी येस बाईले."

मी तिचं मनगट धरलं. ती जाऊन काय सांगेल आणि कसं सांगेल, ते मला दिसत होतं. बाई तिच्यावर चिडतील. संध्याकाळपर्यंत गावभर होईल की मोठ्या बाईंनी तिच्या आईचा पाय घालवला, आणि तिची शाळा सोडवायला घरच्यांना निमित्तच हवं होतं. आणि मुळात ते तिचं काम नव्हतं. शिकवायला मला ठेवलं होतं.

"भाकरी खा," मी तिला म्हटलं.

अंगणात सडा घालायचं घमेलं पालथं पडलं होतं. मी ते राखेने घासलं, धुतलं आणि रांजणातल्या गाळलेल्या पाण्याने भरलं. फार जड झालं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी विहिरीच्या कट्ट्यापाशी आले. उतरताना पाणी हिंदकळून माझ्या लुगड्यावर सांडत होतं, पायऱ्यांवर सांडत होतं. पाय बुडवून झाला की हे पाणी वर, रस्त्यापलीकडच्या तापलेल्या मातीत ओतायचं, विहिरीपासून लांब, एवढं मी ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. आधी दचकल्या, मग पदर ओढून पाण्यावर धरला, जणू पदराने पाय झाकला जाणार होता.

"कोण? तू? इथे काय करतेस उन्हात?"

मी खाली उतरत राहिले.

"अगं, घमेलं कसलं? आणि रांजणातलं पाणी? ते मुलींच्या पिण्याचं आहे! एवढी विहीर भरलेली असताना पाणी वरून खाली आणतेस? इंग्रजी शाळेत हे शिकवलं?"

मी त्यांच्या वरच्या पायरीवर घमेलं ठेवलं. हात रिकामे झाले आणि लगेच पदराकडे गेले. मी ते पाठीमागे धरले.

"मुरगळलाय पाय," त्या म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं. "थोडा गार पाण्यात धरला की बरं वाटतं. जा तू. मुली एकट्या आहेत."

त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. पाण्यात त्यांचा घोटा दिसत होता, सुजलेला, आणि काडी. काडीपाशी पाण्यात दुधासारखा एक अगदी पुसट ढग उठला होता. वाऱ्याने पाणी हललं आणि तो पसरत गेला.

"अगं जा म्हटलं ना? की काही बोलायचंय?"

मी बोलले तेव्हा आवाज विहिरीच्या भिंतींना लागून माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

"बाई, पाय पाण्याबाहेर काढा. तुम्हाला नारू झालाय, आणि तो आत्ता या पाण्यात पिल्लं सोडतोय. संध्याकाळी हेच पाणी मुलींच्या घरी जाणार. पाय या घमेल्यात ठेवा. मी रोज भरून आणीन."